गाणाऱ्यांचे चेहरे दिसावेत म्हणून

ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात एका स्वयंसेवकाने केलेल्या भाषणाचा मजकूर. जे त्या दिवशी येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी येथे देत आहोत.



आज मी दिव्यांबद्दल बोलणार आहे. देवापुढच्या दिव्यांबद्दल नव्हे. आपल्या सभागृहात दर महिन्याला जो भजनाचा संच बसतो, म्हणजे पेटी, तबला, टाळ, बासरी आणि दोघे-तिघे गाणारे, त्यांच्या तोंडावर उजेड कसा पडावा, याबद्दल. विषय ऐकून दोघे-तिघे हसले, ते मी पाहिले. मीही आधी हसलो होतो. पण पाडव्याच्या कार्यक्रमानंतर जे झाले, त्याने माझे हसू थांबले.

पाडव्याला आपल्या तरुण मुलांनी मोठ्या हौसेने मंचामागे रंगीत दिवे लावले. सभागृहातल्या नळ्या बंद केल्या. मागून निळा, जांभळा उजेड. फोटोत फार सुंदर दिसले. कार्यक्रम संपल्यावर मी शेवटच्या रांगेतल्या एका आजींना गाडीपर्यंत सोडायला गेलो. त्या म्हणाल्या, "गाणं छान झालं असेल रे बाबा. मला नुसत्या काळ्या सावल्या दिसल्या. माझी नातसून गायली म्हणे. कधी गायली ते कळलंच नाही."

त्या आजी पुढच्या दोन भजनांना आल्या नाहीत. मी फोन केला, तर म्हणाल्या, "घरी बसून ऐकते फोनवर. तिथं येऊन अंधारात काय करू?"

मंडळी, एखादे ज्येष्ठ माणूस देवळात येणे सोडते, तेव्हा ते भांडून सोडत नाही. हळूच सोडते. आपल्याला कळतही नाही. म्हणून हा विषय मी आज आपल्यासमोर आणला.

पुढच्या भजनाला आम्ही चूक सुधारायला गेलो आणि दुसरी केली. एक भलामोठा पांढरा दिवा आणून मंचासमोर जमिनीवर ठेवला. आता चेहरे दिसले, पण कसे? हनुवटीखालून उजेड, डोळ्यांच्या खोबणीत अंधार. मागच्या पडद्यावर माणसापेक्षा दुप्पट मोठ्या सावल्या. पेटीवाल्या काकांना वहीतली अक्षरे दिसेनात, कारण दिवा थेट डोळ्यांत. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या एक मावशी मंचावरून उतरताना पायरी चुकल्या. देवाच्या कृपेने सावरल्या. तेव्हा आम्ही ठरवले, की अंदाजाने काही करायचे नाही. आधी समजून घ्यायचे, मग खर्च करायचा.

आधी डोळ्यांचे बघू या. वय वाढते तशी बाहुली लहान राहते आणि आतले भिंग पिवळसर, गढूळ होत जाते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेडच पोहोचतो. म्हणजे तरुण मुलांना जे "मस्त, मंद वातावरण" वाटते, तो आपल्यासाठी काळोख असतो. याच्या उलट, गढूळ भिंगात प्रखर उजेड विखुरतो. त्यामुळे समोर उघडा दिवा असला, की तरुणांपेक्षा आपल्यालाच जास्त तिरीप लागते. आपल्याला उजेड जास्त हवा आणि तिरीप कमी हवी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या आहेत.

आणि दुसरी गोष्ट कानांची. ऐकू कमी येऊ लागले, की माणूस नकळत ओठ बघून ऐकू लागतो. श्रवणयंत्र असले तरी. गाणाऱ्याचे ओठ दिसले, की शब्द लागतो. शब्द लागला, की आपणही मागून म्हणतो. तोंडावर उजेड नसला, तर ध्वनिवर्धक कितीही मोठा केला, तरी नुसता आवाज वाढतो. माझ्या मते आपल्या भजनात मागच्या रांगांनी टाळ्या धरणे बंद केले, त्याचे निम्मे कारण हे आहे.

आता उजेड कुठून पडावा? याचे उत्तर आपल्या घरात आधीपासून आहे. देवापुढे समया कशा ठेवतो? दोन. एक उजवीकडे, एक डावीकडे, मूर्तीच्या थोड्या पुढे. एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूचा उजेड भरून काढतो, आणि तरी नाक, डोळे, स्मितहास्य यांना उठाव राहतो. अगदी समोरून एकच झोत टाकला असता, तर चेहरा पाटीसारखा सपाट दिसला असता.

अमेरिकेत हीच गोष्ट येल विद्यापीठाचे प्राध्यापक स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली नाटकाच्या रंगमंचासाठी पुस्तकात मांडली. त्यांचे म्हणणे असे, की मंचाचे लहान भाग पाडा, आणि प्रत्येक भागावर दोन बाजूंनी, साधारण ४५ अंश तिरका आणि ४५ अंश वरून, असा उजेड टाका. आजही शाळा-कॉलेजांत नाटकाची प्रकाशयोजना शिकवताना सुरुवात बहुधा इथूनच होते. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी गावच्या मांडवात गॅसबत्तीच्या उजेडात कीर्तन ऐकले आहे, त्यांना आठवेल. बत्त्या दोन बाजूंच्या खांबांना उंच टांगलेल्या असत आणि बुवांचा चेहरा मागच्या माणसालाही दिसे. मॅककँडलेस आमच्या गावी आले नव्हते, पण बत्ती टांगणाऱ्याला ते ठाऊक होते.

आता आपले सभागृह. मी आणि दोन स्वयंसेवकांनी टेप घेऊन मापे घेतली. मंच १४ फूट रुंद, दीड फूट उंच. त्यावर मांडी घालून बसलेल्या गायकाचा चेहरा सभागृहाच्या जमिनीपासून सुमारे ४ फुटांवर येतो. दिव्याचा स्टँड ९ फूट उंच केला, तर दिवा चेहऱ्यापेक्षा ५ फूट वर राहतो. पूर्ण ४५ अंश हवे असतील, तर स्टँड मंचापासून ५ फुटांवर ठेवावा लागेल, म्हणजे पहिल्या रांगेच्या नाकासमोर. म्हणून आम्ही थोडी तडजोड केली. स्टँड साडेसात फूट पुढे, पण मंचाच्या दोन टोकांच्या रेषेत, भिंतीकडे. कोन सुमारे ३४ अंश येतो. डोळ्यांखाली सावली पडत नाही, गाणाऱ्यांच्या थेट नजरेत दिवा येत नाही आणि चाकाच्या खुर्चीची वाट मोकळी राहते.

या जागेवरून मंचाच्या मध्यापर्यंत तिरके अंतर साधारण ११ फूट भरते. हे अंतर महत्त्वाचे, कारण दिवा घेताना खोक्यावर झोताचा कोन लिहिलेला असतो. २५ अंशांचा झोत ११ फुटांवर जेमतेम ५ फूट रुंद पडतो, म्हणजे एका माणसापुरता. ४० अंशांचा झोत ८ फूट पडतो, म्हणजे शेजारी बसलेले दोघे-तिघे सहज त्यात येतात. आपल्याला ४० अंशांच्या आसपासचा हवा. प्रत्येक स्टँडवर दोन दिवे. एक जवळच्या अर्ध्या मंचासाठी, एक लांबच्या अर्ध्यासाठी. एकूण चार. आणि एक लक्षात ठेवा, दिवा दुप्पट लांब नेला, की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणून "मागच्या भिंतीवर एकच मोठा दिवा लावून टाका" ही सूचना कागदावर सोपी असली, तरी कामाची नाही.

आता दिवा कोणता? बाजारात लहान एलईडी दिवे शेकड्याने आहेत. दिसायला सगळे सारखे, डब्यासारखे. आम्ही पुढील गोष्टी बघायच्या ठरवल्या आहेत, आणि आपल्यापैकी कोणाचा मुलगा-मुलगी घरच्या कार्यक्रमासाठी असे दिवे घेणार असेल, तर त्यांनाही सांगा.

पहिली गोष्ट, पांढरा उजेड खरा हवा. स्वस्त रंगीत दिव्यांत लाल, हिरवा, निळा एकत्र पेटवून पांढरा केलेला असतो. भिंतीवर तो पांढरा दिसतो, पण माणसाच्या तोंडावर पडला की चेहरा आजारी दिसतो. कुंकू काळपट होते, हळदीचा रंग मरतो. समोरच्या उजेडासाठी मुळातच उबदार पांढरा एलईडी असलेला दिवा घ्यावा. रंगाची ऊब केल्विनमध्ये मोजतात. समईची ज्योत सुमारे १,९०० केल्विन, जुना घरगुती बल्ब २,७००, रंगमंचावरचा हॅलोजन ३,२००, दुपारचा उजेड सुमारे ५,६००. आपल्यासाठी ३,००० ते ३,२०० बरोबर. शिवाय सीआरआय नावाचा एक आकडा असतो, १०० पैकी. रंग किती खरे दिसतात, ते त्यावरून कळते. तो ९० किंवा त्याहून जास्त असावा.

दुसरी गोष्ट, दिवा नरम हवा. ज्या दिव्यात एलईडीचे मणी उघडे दिसतात, तो डोळ्याला टोचतो. समोर दुधी पडदा असलेला घ्यावा, किंवा वेगळा पडदा बसवता येईल असा. बाजूला झडपा असल्या तर फारच चांगले. पहिल्या रांगेच्या डोळ्यांत जाणारा उजेड झडपेने अडवता येतो.

तिसरी, तो मंद करता आला पाहिजे, आणि हळूहळू. काही दिवे शेवटच्या टप्प्यात एकदम विझतात. ध्यानाच्या वेळी सगळे डोळे मिटून बसलेले असताना असा झटका बरा वाटत नाही.

चौथी, दिवा मुका हवा. बऱ्याच दिव्यांत आत लहान पंखा असतो. बँडच्या दणदणाटात तो कळत नाही. पण आपल्याकडे तंबोरा लागतो, आलाप सुरू होतो, आणि तेवढ्यात डोक्यावर घूं... असा पंखा. म्हणून पंखा नसलेलाच.

पाचवी, फोनच्या कॅमेऱ्यात लुकलुकणारा नको. काही एलईडी दर सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होऊन मंद होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. पुण्यात, नाशकात, बेळगावात बसून आपली भावंडे हे भजन फोनवर बघतात. त्यांचाही विचार करायला हवा. खरेदीपूर्वी दिवा मंद करून फोनने चित्रण करून बघा. एका मिनिटात निकाल लागतो.

सहावी, सुरक्षा. दिवा अमेरिकेतल्या १२० व्होल्टचा, आणि यूएल किंवा ईटीएल यांची खूण असलेला. भारतातून कोणी स्वस्तात आणतो म्हणाले, तर नम्रपणे नको म्हणा. प्रत्येक दिव्याला स्क्रूशिवाय वेगळी पोलादी सुरक्षा-तार. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या. आणि वायर वाटेत आडवी नको. भिंतीलगत न्यावी, न्यावीच लागली तर रबरी पट्टीखालून. पडणे म्हणजे काय, हे या वयात आपल्याला सांगायला नको.

सातवी गोष्ट आकाराची. दिवे लहानच हवेत. का? तर ते उचलणारे कोण? मी ६३ वर्षांचा आहे आणि दिवे लावणाऱ्यांत मी तरुण समजला जातो. एका हातात उचलता येईल, गाडीच्या डिकीत चारही मावतील, आणि पंधरा मिनिटांत लागतील, एवढेच पाहिजेत.

विजेचेही सांगतो. पूर्वी रंगमंचावर लागणारा एक पार दिवा ५०० किंवा १,००० वॅटचा असे. आपल्या सभागृहातली एक लाइन १५ अँपिअरची, म्हणजे फार तर १,८०० वॅट, आणि बराच वेळ चालवायचे तर १,४४० वॅटच धरावेत. तसे दोन दिवे लावून त्याच लाइनवर स्वयंपाकघरातला चहाचा मोठा पॉट लावला, की फ्यूज गेलाच म्हणून समजा. शिवाय उष्णता अशी, की पैठणी नेसून गाणाऱ्या बाईंना दुसऱ्या अभंगातच घाम. आपले चार लहान एलईडी मिळून सुमारे २५० वॅट घेतील. चहाही होईल आणि भजनही.

काय घ्यायचे नाही, तेही सांगतो. फिरणारे दिवे नकोत, धुराचे यंत्र नको, लेसर नको आणि झपझप उघडझाप करणारा दिवा तर नकोच. अशा उघडझापीने काही जणांना फिट येऊ शकते. १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे. त्यांच्या अधिवेशनांत हजारो माणसे जमतात, तिथे मोठा मंच, मोठी रोषणाई शोभते. आपल्याकडे ऐंशी खुर्च्या आणि वीस गाद्या. आपल्याला दिपवायचे नाही, दाखवायचे आहे. मुलांचे रंगीत दिवेही आम्ही टाकून देणार नाही. ते मागच्या पडद्यावर मंद लावू. मुलांनी मनापासून केले होते, आणि समोर उजेड असला, की मागचा रंग खरोखर छान दिसतो.

गेल्या महिन्यात आम्ही असे चार दिवे उसने आणून एका शनिवारी तालमीला लावले. परीक्षक म्हणून शेवटच्या रांगेत चार आजी आणि दोन आजोबा बसवले. त्यांना दोनच प्रश्न विचारले. गाणारीचे ओठ दिसतात का? आणि डोळ्यांना त्रास होतो का? पहिल्याला सगळे हो म्हणाले. दुसऱ्याला एक आजोबा म्हणाले, "डावीकडचा दिवा माझ्या चष्म्यावर चमकतो." झडप दोन बोटे वळवली, चमक गेली. तबलजींना काचबिंदू आहे. त्यांना त्यांच्या बाजूचा दिवा थोडा मंद करून दिला. म्हणजे दिवे घेतले आणि काम संपले, असे नाही. दर वेळी कोणीतरी मागच्या रांगेत जाऊन बसून बघितले पाहिजे. तीच खरी सेवा आहे.

सभागृहाच्या नळ्याही आता पूर्ण बंद करायच्या नाहीत. मागच्या अर्ध्या चालू राहतील. प्रसाधनगृहाची वाट आणि पायऱ्या दिसल्या पाहिजेत. अपंगांच्या सोयीचा १९९० चा अमेरिकन कायदा धार्मिक संस्थांना सूट देतो. कायद्याने सूट दिली, म्हणून देवाच्या दारात आलेल्या माणसाला आपण सूट घेऊन चालणार नाही.

आता खर्च. आमच्या खजिनदार मावशींनी विश्वस्तांच्या सभेत सरळ विचारले, आणि त्यांचे विचारणे अगदी योग्य होते. "एवढ्या पैशांत एका वृद्ध दांपत्याला दोन महिने दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय होते. दिवे आधी का?" यावर मी रात्रभर विचार केला. माझे उत्तर असे आहे. गाडीची सोय काढून दिवे घ्यायचे असतील, तर दिवे नकोत. मी स्वतः विरोधात मत देईन. पण त्याच गाडीतून आपण ज्यांना आणतो, त्यांना येथे आणून अंधारात बसवले, तर ती फेरी अर्धीच झाली. घरात चार भिंतींत दिवस काढणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा ओळखीचे चेहरे दिसणे, हेही औषधच आहे.

म्हणून विश्वस्तांनी असे ठरवले आहे, की ज्येष्ठ सहाय्य निधीला हात लावायचा नाही. दिव्यांसाठी वेगळा, लहान संकल्प. चार दिवे, दोन स्टँड, सुरक्षा-तारा, वाळूच्या पिशव्या, वायरीच्या पट्ट्या आणि एक साधा डिमर मिळून आमचा अंदाज ९०० डॉलरचा आहे. त्यापुढे एक पैसाही जमला, तर तो सरळ गाडीच्या निधीत जाईल. दिव्यावर कोणाचेही नाव लिहिले जाणार नाही. समईवर आपण नाव कुठे लिहितो?

आपण यथाशक्ती द्यावे. पाच डॉलरही आनंदाने घेऊ. एका वेळी २५० डॉलर किंवा अधिक देणाऱ्यांना करासाठी लागणारी लेखी पोच कार्यालयातून मिळेल. आणि ज्यांचे उत्पन्न आता ठरावीक आहे, त्यांनी संकोच करू नये. त्यांच्याकडून आम्हाला पैसे नकोत. त्यांच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, कार्यक्रमाच्या आधी पंधरा मिनिटे येऊन शेवटच्या रांगेत बसा आणि आम्हाला खरे सांगा, दिसते की नाही. दुसरे, आपल्या ओळखीचे जे कोणी येईनासे झाले आहेत, त्यांना एक फोन करा. "का येत नाही?" असे विचारू नका. "तुमची जागा धरून ठेवू का?" असे विचारा.

ज्या आजींपासून मी सुरुवात केली, त्यांना मी तालमीच्या शनिवारी घेऊन आलो होतो. परीक्षकांतल्या चौघींपैकी त्या एक. नातसून गायला बसली. आजी काही बोलल्या नाहीत. पदर सावरून थोड्या पुढे सरकल्या आणि टाळी धरली. गाणे संपल्यावर मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बारीक झालीय रे पोर. नीट जेवत नाही वाटतं."

मंडळी, फोनवर ऐकून हे कळले नसते. त्यासाठी चेहरा दिसावा लागतो.